सतरावं पान

३ फेब्रुवारी

ही नवी वही बायकोने आणली. ओळी इतक्या फिक्या छापल्या आहेत की कागद तिरपा धरून शोधाव्या लागतात. हल्ली कागदवालेसुद्धा शाईत हात मारतात. म्हणून जाड पेन घेतलं आहे.

वर्षभर काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं. साहेबांनी कचेरीत बोलावलं आणि बसा म्हणायच्या आधीच सांगितलं की ओढ्याकाठचा तुकडा तोडायचं घाटतंय. एकशे तीस तेलताड. दोन वर्षांत घड निम्म्यावर आले, खालच्या पानांवर नारिंगी ठिपके पडले, कडा वाळल्या.

"साहेब, हा पोटॅश कमी पडतोय. आंधळ्यालाही दिसेल," मी म्हणालो.

त्यांनी अहवाल पुढे सरकवला. "पानांत पोटॅश भरपूर आहे, म्हणूनच दोन वर्षांपूर्वी आपण तिथे पोटॅशचं खत टाकणं बंद केलं. पानं तुम्हीच आणलेली. पोटॅश पुरेसा असून झाड झुरतंय म्हणजे मुळाला रोग. मग ठेवून काय करायचं?"

मी यंदाची पानं येऊ द्या म्हणालो. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. त्यानंतर करवत.

तो तुकडा मी लावलाय. लग्नाचं पहिलं वर्ष होतं. बायको दोरी धरायची, मी खुंट्या ठोकायचो. एका जागी तिने दोरी सैल धरली, ती एक ओळ आजही वाकडी आहे. साहेबांना हे सांगून उपयोग नव्हता, सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

सकाळपासून घरात येरझाऱ्या. बायको म्हणाली, "अहो, बसा तरी, नाहीतर फरशी झिजेल."

माझं काम दोन वाक्यांत सांगता येतं, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. ठरलेल्या झाडाखाली उभं राहायचं, वर बघून सतरावं पान शोधायचं, तेच कापून प्रयोगशाळेत द्यायचं. वरचा मिटलेला सुळका मोजायचा नाही. पुरतं उघडलेलं सगळ्यात वरचं पान पहिलं. पानं गोल जिन्यासारखी फिरत उतरतात, त्यामुळे पहिल्याच्या खाली जरा बाजूला नववं येतं आणि त्याच्या खाली सतरावं. एक, नऊ, सतरा. बागेत मला सतरावाले म्हणतात, तोंडावरसुद्धा.

सतरावंच का, हेही लिहून ठेवतो, कारण साहेबांना ते दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. झाड उपाशी पडलं की म्हाताऱ्या पानांच्या तोंडचा पोटॅश काढून कोवळ्या पानांना देतं. कोवळं पान विचाराल तर सगळं झकास. म्हातारं पान कायम रडगाणं गाणार. खरं काय ते मधलं पान सांगतं.

कापायला माझा मेव्हणा असतो. उंच, किडकिडीत, बागेत त्याला शिडी म्हणतात. अठरा वर्षं माझ्याबरोबर आहे. त्याच्याआधीचा कापणारा लांब दांड्याची आकडी पोचेल ते पान ओढायचा आणि हेच सतरावं म्हणायचा. म्हणून मी नियम केला की कापणाऱ्याने मोजायचं नाही. मोजणारा सांगेल ते पान कापायचं, प्रश्न विचारायचा नाही. शिडीने तो नियम आजवर पाळलाय.

५ फेब्रुवारी

ओढ्याकाठची तपासणीची तेरा झाडं झाली. काम सातला सुरू केलं ते साडेदहापर्यंत. यंदा धुकं लांबलंय. साडेदहालासुद्धा शेंडे पुसट. वर पाहिलं की ऊन डोळ्यांत खुपतं, आणि धुकं काही हटत नाही. दोन्ही एकदम असलेलं मी पहिल्यांदाच पाहतोय.

शिडीला काय झालंय कळत नाही. मी पान दाखवलं की आकडी वर धरून उभाच.

"दाजी, नक्की?"

"नक्की म्हणजे? ओढ."

पुढच्या झाडाखाली पुन्हा, "दाजी, नक्की ना?" तेरा झाडांत पाच वेळा. सहाव्यांदा मी त्याला म्हटलं की तुला मोजायचं असेल तर ये इकडे, मी कापतो.  मान खाली घालून आकडी लावली.

परतताना सायकल खड्ड्यात गेली. तो खड्डा काल तिथे नव्हता. शिडी म्हणाला, तीन महिन्यांपासून आहे. तोही आता माझ्याशी वाद घालायला शिकला.

७ फेब्रुवारी

पानं वाळवायच्या शेडमध्ये गेलो. बायको तिथेच कामाला आहे. कापलेल्या पानाच्या मधल्या भागातून दोन्ही बाजूंच्या तीन-तीन पात्या घ्यायच्या, मधली काडी काढायची, ओल्या कापसाने पुसायचं, पिशवीत भरायचं. काडी काढण्यात तिच्यासारखा हात कोणाचा नाही.

"ओढ्याकाठची पानं कोवळी लागतायत हाताला," ती म्हणाली. "काडी कशी सुटसुटीत निघतेय बघा."

मी म्हटलं तुझा हात बसलाय म्हणून. तिने पुढची पाती उचलली.

थोड्या वेळाने पिशव्यांवर नावं घालायची होती. पेन घेतलं तर म्हणाली, "द्या, मी लिहिते, तुमचं अक्षर हल्ली ओळ सोडून पळतं." पळेना का. मोठं असतं, वाचता येतं. डोळे दाखवून या, हे तिचं पालुपद त्यावर होतंच. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? शंभर पावलांवरून झाड ओळखतो.

बाहेर आलो, चष्म्याची पिशवी विसरली म्हणून परत वळलो, तर आत शिडी. दोघं हळू आवाजात बोलत होती. "ताई, आता सांगायलाच हवं," एवढंच कानावर पडलं. मला पाहून शिडी पिशव्या मोजायला लागला. तेरा पिशव्या त्याने चार वेळा मोजल्या.

काय शिजतंय ते मला समजत नाही असं त्यांना वाटतं. शिडीला मोजणीदार व्हायचंय. अठरा वर्षं खाली मान घालून आता त्याला वर बघायचंय. आणि माझी बायको त्याला सामील. भाऊ तो भाऊच.

१३ फेब्रुवारी

निकाल आला. पोटॅश एक पूर्णांक एक टक्का. म्हणजे झाड धष्टपुष्ट! समोर पानं जळतायत आणि कागदावर पोट तुडुंब.

सरळ प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या बाई नव्या आहेत, पाच महिने झाले असतील. माझ्या मुलीच्या वयाच्या असत्या, मुलगी असती तर. मी म्हटलं, "बाई, यंत्र बिघडलंय."

"यंत्र मी तीनदा तपासलं, काका. बाकीच्या तुकड्यांचे आकडे जुळतात. फक्त उंच झाडांच्या तुकड्यांत घोळ आहे." मग त्यांनी आणखी एक आकडा दाखवला. "पान जुनं होत जातं तसा त्यात चुना वाढतो आणि पालाश उतरतो. तुमच्या पानात चुना फारच कमी आहे. मला वाटतं पान कोवळं आहे. सतरावं नाही."

अंगाचा तिळपापड झाला. बाई पोटॅशला पालाश म्हणतात इथपासून मला राग होता, त्यात हे. मी म्हटलं, "मी एकवीस वर्षं सतरावं पान आणतोय. तुम्ही पुस्तकात पाहिलेलं असेल, मी झाडावर पाहिलंय."

"एकदा तुमच्याबरोबर येऊ का मी?" त्या म्हणाल्या.

मी तडक निघालो. दाराची चौकट खांद्याला लागली.

१४ फेब्रुवारी

बाईंविरुद्ध लेखी तक्रार दिली. साहेबांना ती आवडल्यासारखी वाटली. म्हणाले, नवीन माणसं, यंत्राशी खेळत बसतात, महिनाअखेरीला त्यांचंही बघू.

बरं वाटायला हवं होतं. दुपारी जेवलो नाही. बायकोने कारण विचारलं, मी तक्रारीचं सांगितलं. ती ताट उचलून आत गेली. एरवी भांडते, आज भांडली नाही.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस नुसता फिरतोय. ओढ्याकाठी जातो, परत येतो, पुन्हा जातो. झाडाखाली उभा राहून वर बघतो. एक, नऊ, सतरा. स्पष्ट आहे. जवळजवळ स्पष्ट आहे.

बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली, मला न विचारता. मी जाणार नाही म्हटलं. ती म्हणाली, "परवा पाणी ओतलंत ते पेल्यात किती गेलं आणि टेबलावर किती, ते तुम्ही पुसलं नाहीत, मी पुसलं."

पेला काचेचा होता. काच दिसत नाही, हाच तर काचेचा गुण आहे.

१९ फेब्रुवारी

साहेबांनी ठरवलं की उद्या एक झाड पाडून बुंधा, मुळं तपासायची. रोग दिसला तर महिनाअखेरची वाट कशाला पाहायची. झाड त्यांनी निवडलं ते तिसऱ्या ओळीतलं. तपासणीच्या तेरांतलंच आहे. मी विरोध केला नाही. झाड पडलं की बाईंना आणि शिडीला, दोघांनाही दाखवतो. जमिनीवरच्या झाडाला धुकं नसतं.

२० फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

आठ वाजता झाड पाडलं. आवाज फार मोठा होत नाही, पानांमुळे. बुंधा कापून पाहिला, रोगाची खूण नाही, मुळं धड. साहेब बाकीचं बघतो म्हणून निघून गेले. बाई आल्या नव्हत्या, मी बोलावलंच नव्हतं. मी आणि शिडी उरलो.

झाड आडवं पडलं होतं, शेंडा माझ्या गुडघ्याशी. लावल्यानंतर बावीस वर्षांनी त्याचा शेंडा मी पुन्हा हातात घेतला. सुळका धरला, सोडला. पहिलं उघडलेलं पान धरलं. मग हाताने देठ चाचपत निघालो, एक, दोन, तीन, जिन्यासारखं वळत. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही या झाडाचं पान कापलं होतं. पंधरा दिवसांत एक नवं पान उघडतं. म्हणजे त्या कापलेल्या देठाचा बुडखा आता अठराव्या जागी हवा.

तो दहाव्या जागी लागला. ताजा, अजून ओलसर.

मला वाटलं मोजताना चुकलो. पुन्हा सुळक्यापासून सुरुवात केली. पुन्हा दहावा. अठरावं पान जागेवर होतं, न कापलेलं, नारिंगी ठिपक्यांनी भरलेलं. मग खाली चाचपत गेलो. वर्षात चोवीस पानं येतात. गेल्या वर्षीचा बुडखा चौतिसावा निघाला, बेचाळिसावा असायला हवा होता. त्याच्या आदल्या वर्षीचा शोधायची हिंमत झाली नाही.

सुळक्याला मी पहिलं पान धरत होतो. जी चूक करू नका म्हणून मी एकवीस वर्षं सगळ्यांना सांगितलं, तीच. मग आठाच्या उडीने त्याखालच्या खऱ्या पहिल्याला नववं आणि खऱ्या नवव्याला सतरावं. बुटक्या झाडांवर अजून दिसतं. उंच झाडांवर दिसत नाही. मला दिसत नाही.

मान वर केली तर शिडी उभा होता. त्याचा चेहरा मला पुसट दिसला. धुकं नव्हतं.

त्याने काही विचारायच्या आत मी त्या ठिपकेवाल्या पानाच्या पात्या ओरबाडून पिशवीत भरल्या आणि बाईंकडे नेऊन दिल्या. कुठलं पान ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी

घरीच. 

२२ फेब्रुवारी

दुपारी शिडीला घरी बोलावलं. बायको समोर बसली. मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

शिडीने चहाचा कप खाली ठेवला. "पहिल्या वर्षी वाटलं मीच चुकतोय. तुम्हीच शिकवलं, दाजी, तर तुमचं कसं चुकेल? दुसऱ्या वर्षी कळलं. ताईला सांगितलं."

"मग मला का नाही?"

"कापणाऱ्याने मोजायचं नाही," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला टोमणे मारता येत नाहीत.

बायको म्हणाली, "मीच त्याला थांबवलं. म्हटलं, ते आपणहून म्हणतील. चारचौघांत त्यांची मान खाली जायला नको. मी रोज तुम्हाला डोळे दाखवा म्हणत होते, तेच माझं सांगणं होतं."

मी खूप ओरडलो. म्हटलं, तुम्ही दोघांनी माझी लाज राखली आणि झाडं उपाशी मारली. शिडी रडला. बायको रडली नाही. ती म्हणाली, "ओरडून झालं असेल तर सांगा, आम्ही आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

ऐकलं नसतं. शिडीला मोजणीदार व्हायचंय म्हणून हाकलून दिलं असतं. वहीत तसं लिहिलेलंच आहे, सातव्या तारखेला. ते पान फाडावंसं वाटतंय. राहू दे.

२३ फेब्रुवारी

बाईंचा निरोप आला. त्या पिशवीचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. झाड उपाशीच होतं, दोन वर्षं.

आता जे लिहितोय त्याची लाज वाटते. आकडा ऐकल्यावर पहिला विचार आला तो सुटल्याचा. यंत्र बिघडलं होतं, आता दुरुस्त झालं, एवढं म्हटलं की झालं. तुकडा वाचतो, माझं काम राहतं. साहेब मानायला तयारच आहेत, तक्रार टेबलावर आहे. बाई जातील. नव्या आहेत, दुसरीकडे लागतील. कचेरीपर्यंत चालत जाताना हे सगळं मी मनात नीट जुळवत आणलं होतं.

पायरीशी बाई भेटल्या. म्हणाल्या, "काका, झाडं वाचतील ना?" स्वतःचं काही विचारलं नाही.

आत जाऊन साहेबांना म्हटलं, "माझी तक्रार परत द्या. यंत्र ठीक आहे. पान चुकीचं होतं. मला वरचं दिसत नाही."

 साहेब म्हणाले, एका पाडलेल्या झाडावरून तुकडा ठरत नाही, सगळी पानं पुन्हा घ्या, शिडी मोजेल, बाई सोबत जातील. त्यांनी तक्रारीचा कागद दिला. घरी पोचेपर्यंत मी तो उलटा धरला होता, असं बायकोने सांगितलं.

२५ फेब्रुवारी

शिडी आणि बाई सातला ओढ्याकाठी गेले. मलाही या म्हणाले होते. गेलो नाही. शेडमध्ये बायकोशेजारी बसून काड्या काढल्या. मला चांगल्या जमत नाहीत. पण आजची पानं हाताला राठ लागली, एवढं कळलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही. एक पुढच्या महिन्यात काढतील. दुसऱ्याचं नंतर बघू म्हणाले, आधी आतला पडदा किती धड आहे ते कळायला हवं. मी विचारलं, शेंडा दिसेल का. डॉक्टर म्हणाले, कसला शेंडा?

२ मार्च

उरलेल्या बारा झाडांची सरासरी शून्य पूर्णांक सहा. करवत परत गेली. पोटॅशची पोती ओढ्याकाठी उतरली. मी प्रत्येक बुंध्याशी जाऊन खत पडलेलं हाताने पाहिलं. सात झाडं सुधारणार नाहीत असं शिडीला वाटतं. ती माझ्या खात्यावर.

मीच साहेबांना म्हटलं की बाकीच्या उंच तुकड्यांची दोन वर्षांची पानंही माझीच आहेत, तीही पुन्हा घ्या. ते म्हणाले, वाढीव काम आहे, माणूस कुठून आणू? मी म्हटलं, मोजणारा आहेच. कापणारा मी देतो.

४ मार्च

वरच्या अंगाच्या उंच तुकड्यात गेलो. बाई सोबत होत्या, पिशव्या घेऊन. आकडी माझ्या हातात. वाटलं होतं त्यापेक्षा जड. अठरा वर्षं हे वजन शिडीने धरलं आणि मी बाजूला उभा राहून त्याला भराभर म्हणत आलो.

शिडी झाडाखाली उभा राहिला. वर बघितलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग माझ्यामागे येऊन त्याने माझ्या हातांवर हात ठेवले आणि आकडी वर नेली, उजवीकडे, जरा खाली. आकडीचं तोंड देठावर बसलं की हाताला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत.

"हे. ओढा, दाजी."

मला वर फक्त हिरवं आणि पांढरं दिसत होतं. सवयीने एक, नऊ ओठांवर आलं. मी ते तिथेच थांबवलं.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की," शिडी म्हणाला.

मी ओढलं.